नकार वाचता आला पाहिजे

एका डोळ्याने मुळीच दिसत नाही, दुसरा ठणठणीत आहे: अशा माणसाचं दिव्यांगत्व सरकारी तक्त्यात 30 टक्के धरलेलं आहे. दुसऱ्या एकाला अधू पायाबद्दल 30 टक्के मिळाले, पण त्याच्या डाव्या हाताची पकड गेली आहे, हे त्या दिवशी कुणी तपासलंच नाही. दोघंही जिल्हा रुग्णालयाच्या एकाच बाकावर बसलेले. दोघांच्याही कागदावर 30 हाच आकडा, दोघंही 40 च्या रेषेच्या अलीकडे अडकलेले, आणि दोघांचेही पाहुणेरावळे एकच सांगतात: अपील कर, सोडू नकोस.

पहिल्याने अपील केलं तर त्याचा वेळ जाईल, मजुरी बुडेल आणि हाती काही लागणार नाही. डॉक्टर चुकलेले नाहीत, तक्ताच तसा आहे. दुसऱ्याने मात्र अपील केलं नाही तर हक्काचं गमावेल. त्याच्या हाताचे 20 टक्के धरले, तरी 30 आणि 20 मिळून 50 होत नाहीत. दिव्यांगत्व मोजण्याच्या मार्गदर्शक सूचनांतलं सूत्र वेगळं आहे. मोठा आकडा 90 मधून वजा करायचा, उरलेल्याला लहान आकड्याने गुणून 90 ने भागायचं आणि जे येईल ते मोठ्या आकड्यात मिळवायचं. 90 वजा 30 म्हणजे 60, 60 गुणिले 20 भागिले 90 म्हणजे 13 आणि थोडं वर, एकूण 43. रेषा ओलांडली.

आकडा एक, उत्तरं दोन. दिव्यांगत्वाचा लाभ नाकारला गेल्यावर दाद मागावी का, या प्रश्नाचं मर्म इथे आहे. आपण तो प्रश्न त्रासाच्या मापाने सोडवायला जातो: एवढा त्रास आहे तर मिळायलाच हवं. अपील ऐकणारा त्रास मोजत नाही. नकार ज्या कारणाने दिला ते कारण टिकतं का, एवढंच तो पाहतो. म्हणून अपील करायचं की नाही हे ठरवण्याआधी नकार वाचता आला पाहिजे.

40 च्या रेषेला काय काय टांगलंय

1995 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 ने ते 21 केले आणि 19 एप्रिल 2017 पासून हा कायदा लागू झाला. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सन, ॲसिड हल्ल्यातील जखमा असं बरंच काही त्यात आलं. पण यादीत नाव असणं वेगळं आणि लाभ मिळणं वेगळं. बहुतेक लाभांसाठी ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ लागतं, म्हणजे किमान 40 टक्के. सरकारी नोकरीतलं चार टक्के आरक्षण, उच्च शिक्षणातलं पाच टक्के, एसटीची सवलत, आयकरात 75 हजारांची वजावट, राज्याची संजय गांधी निराधार अनुदान योजना, सगळं या रेषेच्या पलीकडे. पुढे 80 ची दुसरी रेषा आहे. तिथे आयकराची वजावट सव्वा लाख होते आणि दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातल्या व्यक्तीला केंद्राची इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतन योजना लागू होते. केंद्राचा त्यातला वाटा महिना 300 रुपये.

तरीही प्रत्येक हक्काला 40 लागत नाहीत. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या एका उमेदवाराने लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला लेखनिक मागितला होता. 40 टक्के नाहीत म्हणून तो नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये स्पष्ट केलं. दिव्यांग असणं आणि लक्षणीय दिव्यांग असणं या कायद्याने वेगळ्या ठेवलेल्या गोष्टी आहेत. त्यामुळे टक्क्यांसाठी भांडायला निघण्याआधी स्वतःला विचारावं: मला हवंय त्याला हा आकडा खरोखर लागतो का?

नकार चार तऱ्हेचे

सगळ्यात जास्त नकार कागदावर येतच नाहीत. खिडकीवरचा माणूस मान वर न करता म्हणतो, ‘तुमचं बसत नाही हो यात’, आणि मागचा माणूस पुढे सरकतो. हा नकार नव्हेच. कायद्याच्या दृष्टीने काही घडलेलंच नाही. 2017 च्या नियमांनुसार प्रमाणपत्र नाकारायचं असेल तर कारणासह लेखी कळवणं वैद्यकीय प्राधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. अर्ज निकाली काढायला तेव्हा महिन्याची मुदत होती, 2024 च्या दुरुस्तीने ती तीन महिन्यांची झाली. तोंडी नकारावर अपील होत नाही. आधी अर्ज दाखल करून पोच घ्यायची, मग लेखी उत्तर मागायचं. ते येत नसेल तर माहितीचा अधिकार वापरून अर्जावर काय शेरा मारला आहे ते काढायचं; त्याला 30 दिवसांची मुदत आहे. इतक्या साध्या कामाने पुष्कळदा गाडी हलते, कारण बोलून टाळणं सोपं असतं आणि लिहून टाळायला कारण लागतं.

दुसरा नकार टक्क्यांचा. यात दोन शक्यता असतात. एक, मोजमाप नियमाप्रमाणे झालंय, पण नियमच कोता आहे. एका डोळ्याचं उदाहरण वर आलं. कानाचंही तसंच. चांगल्या कानाची टक्केवारी पाचने गुणतात, त्यात वाईट कानाची मिळवून सहाने भागतात. एक कान पूर्ण गेलेला आणि दुसरा निर्दोष असेल तर उत्तर 17 च्या आतच राहतं. अशा ठिकाणी अपिलीय मंडळ तोच तक्ता उघडून तोच आकडा सांगणार. भांडण असलंच तर ते तक्ता बनवणाऱ्यांशी आहे आणि त्याची जागा वेगळी. दुसरी शक्यता, मोजमापातच चूक आहे: एखादा अवयव तपासायचा राहिला, जुना एक्स-रे पाहिला, ऐकण्याची चाचणी झालीच नाही, दोन दोष असताना एकच धरला. ही अपिलाची जागा. 2016 च्या कायद्याचं कलम 59 त्यासाठीच आहे. प्रमाणपत्र देणाऱ्या प्राधिकाऱ्याच्या निर्णयाविरुद्ध राज्य शासनाने नेमलेल्या अपिलीय प्राधिकाऱ्याकडे ठरलेल्या मुदतीत दाद मागता येते.

मानसिक आजाराच्या मोजणीत एक खास अडचण आहे आणि ती डॉक्टरांमुळे नाही, घरच्यांमुळे येते. तिथे ‘आयडियाज’ नावाची मोजपट्टी वापरतात. स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम या चार गोष्टींना प्रत्येकी शून्य ते चार गुण, शिवाय आजार किती वर्षांचा आहे याचे वेगळे. वीसपैकी सात झाले की 40 टक्के. उत्तरं बव्हंशी सोबतच्या नातेवाइकाकडून घेतली जातात. डॉक्टर विचारतात, अंघोळ स्वतः करतो का? आई चटकन म्हणते, हो, सगळं करतो तो. ती पाणी काढून देते, चार वेळा हाक मारते, साबण हातात ठेवते, आठवड्यातले तीन दिवस तरीही अंघोळ होत नाही; हे ती सांगत नाही. परक्यासमोर पोराची लाज राखायची सवय हाडीमाशी खिळलेली असते. त्या एका वाक्यात दोन गुण जातात आणि सातचे पाच होतात. इथे अपील करण्यासारखं असतं, पण आधी आईने खरं सांगायला तयार व्हायला हवं.

तिसरा नकार पात्रतेचा. टक्के पुरेसे आहेत, प्रमाणपत्र हातात आहे, तरी तहसील कार्यालयातून अर्ज परत येतो. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांग अर्जदाराच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50 हजारांच्या आत असावं लागतं. 50 हजारांना बाराने भागलं तर महिन्याला चार हजार दीडशेच्या आसपास येतात. घरात एक माणूस 300 रुपये रोजाने वर्षातले 200 दिवस कामाला गेला, तरी 60 हजार होतात. म्हणजे घरात एखादा धड कमावता असला की कागदावर कुटुंब ‘सधन’. अशा नकारावर दिव्यांगत्वाचे कितीही पुरावे जोडले तरी व्यर्थ. उत्पन्नाचा दाखला चुकीचा असेल, वेगळ्या राहणाऱ्या भावाचं उत्पन्न त्यात धरलं असेल, तर आधी दाखला दुरुस्त करून घ्यायचा. रहिवासाचा पुरावा, आधारवरचं नाव, बँक खात्याची जोडणी यांतल्या त्रुटीही याच खान्यातल्या. त्यांना अपील लागत नाही, दुरुस्त कागद आणि नवा अर्ज पुरतो. आपल्याकडे ‘नामंजूर’ आणि ‘त्रुटी’ हे दोन शेरे एकाच सुरात ऐकले जातात, पण पहिल्याला दाद लागते आणि दुसऱ्याला झेरॉक्स.

चौथा नकार कारणाचा, आणि तो सगळ्यात गुंतागुंतीचा. इथे व्यंग मान्य असतं, टक्केही मान्य असतात; ते नोकरीमुळे आलं हे मान्य नसतं. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे गावोगाव निवृत्त सैनिक आहेत आणि ही गोष्ट तिथल्या पारावर सगळ्यांना ठाऊक असते. निवृत्तीच्या वेळी वैद्यकीय मंडळ बसतं. रक्तदाब, मधुमेह, पाठीचं दुखणं असं काही निघतं. दिव्यांगत्व निवृत्तिवेतनासाठी किमान 20 टक्के लागतात आणि आजार सेवेमुळे झालेला किंवा सेवेमुळे वाढलेला असावा लागतो. कागदावर मात्र दोन्हीला नकार देणारा इंग्रजी शेरा पडतो. त्याची आद्याक्षरं जोडली की ‘नाना’ होतं, आणि या नानाने अनेकांचं निवृत्तिवेतन अडवून धरलेलं आहे.

या नकाराविरुद्धचा पाया भक्कम आहे. सिग्नल कोअरमध्ये 1985 ला दाखल झालेल्या आणि 1994 मध्ये फेफऱ्याच्या आजारामुळे 20 टक्के दिव्यांगत्वासह घरी पाठवलेल्या एका शिपायाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये निकाल दिला. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस तेव्हा धडधाकट होता असं धरायचं, पुढे झालेला बिघाड सेवेमुळे झाला असं गृहीत धरायचं आणि तसं नाही हे सिद्ध करायचा भार सरकारवर. मंडळाने नुसता शेरा मारून चालणार नाही, कारण द्यावं लागेल. या निवृत्तिवेतनात टक्क्यांचं ‘पूर्णांकन’ही आहे: 50 च्या खाली असेल तर 50 धरायचं, 50 ते 75 ला 75 आणि त्यावर 100. 2014 च्या निकालाने ते मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही मिळालं. अर्थात सप्टेंबर 2023 मध्ये नवे पात्रता नियम आले. त्यानंतर निवृत्त झालेल्याने जुन्या निकालांच्या भरवशावर राहू नये, आपल्याला कोणते नियम लागू आहेत ते आधी पाहावं.

इथली वाटही ठरलेली आहे: सहा महिन्यांत पहिलं अपील, ते फेटाळलं तर सहा महिन्यांत दुसरं, मग सशस्त्र दल न्यायाधिकरण. त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे. उशीर झाला म्हणून हक्क मरत नाही, कारण निवृत्तिवेतन दर महिन्याला नाकारलं जात असतं. पण थकबाकी साधारणपणे दाद मागण्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. दहा वर्षं थांबलेल्याची सात वर्षं अशी वाया जातात.

कामगार विम्याचं जग आणखी निराळं. तिथे शरीराचं व्यंग मोजत नाहीत, कमाईची शक्ती किती गेली ते मोजतात. अपघातात एक डोळा काढावा लागला आणि दुसरा चांगला असला तर तिथल्या कायद्याच्या परिशिष्टात 40 टक्के आहेत, एका हाताचा अंगठा मुळापासून गेला तर 30. गेलेला डोळा तोच, पण कायदा बदलला की त्याचं मोल बदलतं. एका खिडकीवर नाकारलं म्हणून दुसरीवरही नाकारतील, असं समजून घरी बसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

हिशेब कुणी मांडत नाही

अपिलाबद्दल बोलताना लोक एका खेपेचा खर्च मोजतात. जिल्ह्याच्या गावी जायचं म्हणजे दोन माणसांचं भाडं, सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज, वर चहा-वडापाव. तिथे गेल्यावर साहेब रजेवर असतात हेही धरायचं. अशा चार-पाच खेपा नजरेसमोर आल्या की माणूस म्हणतो, जाऊ दे. हा हिशेब खोटा नाही, अर्धा आहे. ऑक्टोबर 2025 पासून राज्यात दिव्यांग लाभार्थ्याचं अनुदान महिना 1500 वरून 2500 झालं. म्हणजे वर्षाचे 30 हजार, दहा वर्षांचे तीन लाख. पाच खेपांचा खर्च या आकड्याशेजारी ठेवून पाहायला हवा. उलट ज्याचं प्रकरण तक्त्यामुळेच बसत नाही, त्याच्यासाठी एक खेपही महाग आहे.

वकिलाची फी हा अडसर वाटतो तेवढा मोठा नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 नुसार दिव्यांग व्यक्तीला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, तिथे साधा अर्ज पुरतो. पहिल्या पायरीच्या अपिलाला तर वकीलही लागत नाही. लागतं ते नेमकं लिहिता येणं.

त्याचा नमुना पाहू. ‘मी अत्यंत गरीब असून मला फार त्रास आहे, तरी मेहेरबानी करून टक्केवारी वाढवून मिळावी, ही नम्र विनंती.’ अर्ज लिहून देणाऱ्यांच्या टपरीवर हेच वाक्य वर्षानुवर्षं टंकलं जातं. त्यात विनंती आहे, मुद्दा नाही. आता दुसरं: ‘अमुक तारखेच्या तपासणीत फक्त डाव्या पायाचं मोजमाप झालं. डाव्या हाताची पकड आणि बोटांची हालचाल तपासली नाही. नसांच्या तपासणीचा अमुक तारखेचा अहवाल जोडला आहे. दोन्ही दोष धरून फेरमूल्यांकन व्हावं.’ चार वाक्यं, दयेचा एक शब्द नाही, आणि वाचणाऱ्याला त्याला काय करायचंय ते कळतं. तुमचा नकार अशा चार वाक्यांत खोडता येत असेल तर अपील करावं. खोडता येत नसेल तर आधी अहवाल मिळवावा किंवा नव्या अर्जाची वाट धरावी. ही कसोटी कुणालाही घरबसल्या लावता येते.

नवा अर्ज हा अपिलाचा गरीब भाऊ मानला जातो, पण कधी कधी तोच शहाणा. आजार वाढला असेल, शस्त्रक्रियेनंतर स्थिती स्थिरावली असेल किंवा तात्पुरत्या प्रमाणपत्राची मुदत संपत आली असेल, तर जुन्या तपासणीशी भांडण्यापेक्षा नवी करून घेणं बरं. अपील जुनी चूक दाखवतं. नवा अर्ज नवी स्थिती दाखवतो. जिथे थकबाकी मिळू शकते तिथे मात्र जुनी तारीख सोडू नये.

धोका आणि संशय

फेरतपासणीत टक्के कमीही होऊ शकतात, हे गृहीत धरूनच पाऊल टाकावं. ज्याच्याकडे आधीच 45 आहेत आणि 80 हवेत, त्याने दोनदा विचार करावा. त्यात सध्या हवा संशयाची आहे. 2024 मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून देशभर गदारोळ झाला आणि पडताळणीच्या फेऱ्या वाढल्या. खोटेपणाने लाभ घेणाऱ्याला 2016 च्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे, आणि ते योग्यच. पण लबाड लोकांमुळे कडक झालेली खिडकी खऱ्यालाच जास्त लागते. लबाडाकडे कागद पूर्ण असतात.

व्यवस्थेचा दोषही सांगायला हवा. अपिलाची सोय कायद्यात आहे, ती प्रत्येक ठिकाणी हाताशी आहे असं नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आलं. वाचादोषाची टक्केवारी 40 च्या वर गेली म्हणून त्याला वैद्यकीय प्रवेश नाकारला होता. न्यायालयाने सांगितलं की नुसता आकडा पाहून अपात्र ठरवता येणार नाही. माणूस प्रत्यक्षात काय करू शकतो ते मंडळाने नोंदवलं पाहिजे. अपिलीय मंडळं उभी राहीपर्यंत अशा निर्णयांना न्यायालयात आव्हान देता येईल, असंही म्हटलं. विरोधाभास बघा: कुणाचे टक्के कमी म्हणून लाभ जातो, कुणाचे जास्त म्हणून प्रवेश. दोन्हीकडे माणसाऐवजी आकडा तपासला जातो.

आपल्याकडेच असं आहे असंही नाही. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी घरांनाही ही वाट ठाऊक असते. तिथे दिव्यांगत्वाचा भत्ता नाकारला तर आधी त्याच खात्याकडे फेरविचार मागावा लागतो, मग स्वतंत्र न्यायाधिकरण. गेली अनेक वर्षं सुनावणीपर्यंत पोहोचलेल्यांपैकी निम्म्याहून बरेच जास्त जिंकत आले आहेत. पहिला नकार म्हणजे अखेरचा शब्द नव्हे, एवढा धडा त्यातून घ्यायला हरकत नाही. मात्र ते जिंकतात ते नुसतं अपील केलं म्हणून नव्हे. सुनावणीत कुणीतरी समोर बसवून शांतपणे विचारतं, दिवस कसा जातो ते सांगा, आणि माणूस ते सांगतो.

आपल्याकडे अडतं ते इथे. अपिलाच्या कागदावर स्वतःच्या किंवा पोटच्या पोराच्या असमर्थतेची यादी शाईने लिहावी लागते: हे जमत नाही, तेही जमत नाही. वर्षानुवर्षं उलट सांगण्यात, सांभाळून घेण्यात गेलेली असतात. म्हणून पुष्कळ अपिलं मुदतीमुळे नव्हे, या संकोचामुळे राहून जातात. त्या आईला पुढच्या वेळी डॉक्टर पुन्हा विचारतील, अंघोळ स्वतः करतो का? तिने पाणी काढून देण्यापासून सुरुवात करावी. पोराची लाज त्याने जात नाही. पाच गुणांचे सात होतात.